आनृण्य आणि गृहकर्ज

वैदिक विचारात माणूस ऋणकरी म्हणूनच जन्माला येतो. तैत्तिरीय संहितेने ब्राह्मणाच्या माथी जन्मतः तीन ऋणे सांगितली आहेत : ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे, ती अनुक्रमे अध्ययनाने, यज्ञाने आणि संततीने फेडायची असतात. शतपथ ब्राह्मणाने ही कल्पना एका वर्णापुरती न ठेवता जो कोणी अस्तित्वात आहे त्या प्रत्येकाला लागू केली आणि या तिघांच्या जोडीला चौथे, मनुष्यांचे ऋण मांडले, जे माणसांना आपल्या घरी वस्तीला ठेवून व अन्न देऊन फिटते. म्हणजे त्या विचारात घर हे ऋण फेडण्याचे ठिकाण होते. आज मध्यमवर्गीय कुटुंबात बहुधा घर हेच आयुष्यातील सर्वांत मोठ्या ऋणाचे कारण ठरते, आणि ही उलटापालट लक्षात घेतली की योग्य गृहकर्ज कोणते हा प्रश्न केवळ दोन बँकांच्या व्याजदरांची तुलना करून सुटणारा राहत नाही. कोणते ऋण माणसाने अंगावर घ्यावे आणि कोणते घेऊ नये, या जुन्या प्रश्नाशी तो जाऊन भिडतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना ‘आनृण्य’ हा शब्द मध्यवर्ती मानावा लागतो. आनृण्य म्हणजे ऋणातून मोकळे झाल्याची अवस्था. अथर्ववेदातील प्रार्थनेत या लोकात, परलोकात आणि त्याहीपलीकडच्या तिसऱ्या लोकात ऋणमुक्त असावे अशी इच्छा व्यक्त झाली आहे. तीत ऋण घेण्याची निंदा नाही, ते फिटले पाहिजे याची ओढ आहे. धर्मशास्त्रकारांनी न्यायनिवाड्याचे विषय अठरा व्यवहारपदांत विभागले, तेव्हा पहिले स्थान ऋणादानाला, म्हणजे कर्जाच्या देण्याघेण्याला दिले, आणि त्या प्रकरणात त्यांचा मोठा कटाक्ष ऋणाला शेवट असण्यावर आहे. त्यातूनच दामदुपटीचा नियम आला. व्याज साचत गेले तरी एका वेळी वसूल करायच्या व्याजाची रक्कम मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये, म्हणजे सावकाराच्या हाती मुद्दल धरून दुपटीहून अधिक पडू नये, असा हा नियम मनुस्मृतीत आहे आणि ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो हिंदू ऋणकोंच्या बाबतीत चालवला.

हाच मापदंड आजच्या हप्त्यांच्या तक्त्याला लावून पाहण्यासारखा आहे. पन्नास लाख रुपयांचे कर्ज ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ४३,३९१ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील ३५,४१७ रुपये व्याजात जातात आणि मुद्दलातून कमी होतात ते जेमतेम ७,९७४ रुपये. हप्त्यातील मुद्दलाचा वाटा व्याजाच्या वाट्यापेक्षा मोठा व्हायला १४३ वा हप्ता उजाडावा लागतो, म्हणजे जवळजवळ बारा वर्षे लोटतात. आणि अखेरपर्यंत एकूण व्याज सुमारे ५४ लाख १४ हजार भरले जाते, जे मुद्दलापेक्षा जास्त आहे. दामदुपटीचा नियम साचलेल्या व्याजापुरता होता, वेळोवेळी दिलेल्या व्याजाला तो अडवत नव्हता, त्यामुळे येथे त्याचा भंग होतो असे म्हणता येणार नाही. परंतु त्यामागची न्यायबुद्धी ओळखणाऱ्याला हा आकडा स्वस्थ बसू देणार नाही. तेच कर्ज १५ वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ४९,२३७ रुपये होतो, आणि दरमहा ५,८४६ रुपये जास्त भरल्याच्या बदल्यात एकूण व्याज ३८ लाख ६३ हजारांच्या आसपास, म्हणजे मुद्दलाच्या आत, राहते. व्याजदरात पाव टक्क्याची सूट मिळवण्यासाठी चार शाखांचे उंबरठे झिजवणारा ग्राहक मुदतीचा आकडा मात्र पुष्कळदा पात्रतेच्या गणितावर सोडून देतो. वस्तुतः या दोहोंपैकी मुदत हाच ऋणाच्या स्वरूपाविषयीचा खरा निर्णय असतो.

बदलत्या व्याजदराच्या कर्जात तर शेवट दिसेनासा होण्याची शक्यता कर्जाच्या घडणीतच असते. रेपो दर म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचा पैसा देते तो दर. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना व्यक्तींची बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाहेरच्या निकषाशी जोडणे बंधनकारक झाले. गृहवित्त कंपन्यांवर मात्र हे बंधन नाही, आणि कर्ज निवडताना दर कोण व कशाच्या आधारावर बदलणार, हे विचारायचे ते याचसाठी. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. वरच्या उदाहरणातील कर्जाचा दर आरंभीच ८.५ वरून ९.५ टक्के झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर २४० हप्त्यांचे सुमारे ३०९ हप्ते होतात. दर १०.५ टक्के झाला, तर महिन्याचे व्याजच ४३,७५० रुपये होते, जे हप्त्याहून अधिक आहे. तेव्हा ऋणको दरमहा नियमाने पैसे भरत असूनही त्याचे ऋण वाढतच राहते. ज्या ऋणाला शेवट नाही ते ऋण ऋणच उरत नाही, ते दास्य होते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सूचना काढून दरबदलाच्या वेळी हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, ही निवड कर्जदाराला देण्यास सांगितले आणि हप्ता महिन्याचे व्याजही भागवत नाही अशी स्थिती येऊ देऊ नये असे बजावले. या अधिकाराचा उपयोग हप्ता वाढवण्याकडे करणारा कर्जदार आजची ओढाताण पत्करून आनृण्याची तारीख जागच्या जागी ठेवतो. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाची मुदतीआधी परतफेड केल्यास दंड आकारता येत नाही, हा दुसरा अधिकारही याच कामी येतो.

दर कोणाला किती असावा, याविषयी प्राचीन ग्रंथांत एकमत नाही. मनुस्मृतीत दरमहा मुद्दलाचा ऐंशीवा भाग, म्हणजे वर्षाला १५ टक्के, हा वसिष्ठोक्त दर आहे. पण तेथेच वर्णानुसार शेकडा दोन, तीन, चार, पाच असा चढता मासिक दरही सांगितला आहे, ज्यात सर्वांत खालच्या मानलेल्याने सर्वांत जास्त व्याज द्यावे अशी व्यवस्था आहे आणि ती अन्यायाची आहे. कौटिल्याने शेकडा सव्वा पण हा मासिक दर धर्म्य मानून व्यापाऱ्याला पाच, अरण्यातून माल नेणाऱ्याला दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याला वीस असे दर सांगितले, म्हणजे जन्माऐवजी जोखीम पाहिली. आजचे पतमूल्यमापन कौटिल्याच्या वाटेने जाण्याचा दावा करते. तरीही ज्याची मिळकत पगारपत्रकात दिसत नाही, अशा रिक्षाचालकाला किंवा भाजीविक्रेतीला ते चढ्या दराकडे ढकलते, तेव्हा मोजली जाते ती जोखीम की त्या माणसाचे समाजातील स्थान, हा प्रश्न शिल्लक राहतो.

त्याहून गहन प्रश्न ऋण कोणाच्या अंगावर येते हा आहे. पित्याचे ऋण पुत्राने व्याजासह फेडावे, नातवाने केवळ मुद्दल फेडावे आणि पणतूने, वारसा मिळाला नसेल तर, काहीही देऊ नये, अशी उतरती जबाबदारी धर्मशास्त्राने सांगितली होती. जुगार, मद्य यांसारख्या कारणांसाठी केलेले ऋण मात्र पुत्रावर येत नसे. कर्ज बुडवणारा सावकाराच्या घरी दास किंवा पशू होऊन जन्मतो ही समजूत या कर्तव्याच्या मुळाशी असल्यामुळे पुत्राची फेड हे पित्याच्या परलोकाचे साधन मानले गेले. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने हे धार्मिक कर्तव्य त्यानंतरच्या कर्जांपुरते संपुष्टात आणले, आणि वारसाची जबाबदारी वारशात आलेल्या मालमत्तेपुरती राहिली. कायद्याने जे मोकळे केले ते कर्जाच्या अर्जावरील एका सहीने पुन्हा बांधले जाते, हे मात्र फारसे कोणी बोलत नाही. वडिलांचे वय जास्त म्हणून मुदत कमी बसते, मुदत कमी म्हणून हप्ता झेपत नाही, तेव्हा नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाला सहकर्जदार करून घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. सहकर्जदार हा साक्षीदार नसतो. संपूर्ण कर्जाची परतफेड त्याच्याकडून मागता येते, आणि उद्या त्याला स्वतःचे घर घ्यायचे झाले तर हे कर्ज त्याच्या पात्रतेतून वजा होते. स्मृतीतील पुत्राला निदान ऋणाचे प्रयोजन तपासण्याचा अधिकार होता. आजच्या मुलाने सही करण्यापूर्वी हप्त्यांचा तक्ता त्याच्यासमोर ठेवून त्याला होय किंवा नाही म्हणण्याची खरी मोकळीक देणे, ही पित्याची नैतिक जबाबदारी आहे.

सैनिकाच्या बाबतीत ऋणाची दिशा आणखी गुंतागुंतीची होते, कारण त्याच्या सेवेपोटी समाज त्याचा ऋणको असतो आणि बँकेच्या दारात उभा राहताना मात्र सैनिक स्वतःच ऋणको होतो. अमेरिकेने २२ जून १९४४ च्या कायद्याने दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांच्या गृहकर्जाला सरकारी हमी दिली, आणि आजही पात्र माजी सैनिकाला त्या हमीवर सहसा सुरुवातीची रक्कम न भरता घर घेता येते, तर सेवेत आलेल्या अपंगत्वाची भरपाई मिळणाऱ्याला हमीचे शुल्कही माफ असते. मात्र हमी सरकारची आणि कर्ज खासगी संस्थेचे, या विभागणीमुळे युद्धोत्तर वर्षांत कृष्णवर्णीय सैनिकांना मोठ्या प्रमाणावर डावलले गेले. राष्ट्राने मान्य केलेले ऋण स्थानिक कर्जखिडकीवर अमान्य झाले.

भारतात वाट वेगळी आहे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जाण्याची रीत आहे, आणि तेथून निवृत्तिवेतन असलेल्या सेवेत गेलेला जवान साधारण चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो, जेव्हा मुलांचे शिक्षण अर्धवट असते आणि दुसरी नोकरी पहिलीइतका पगार देत नाही. त्याच्यापुढे बँकेच्या कर्जाखेरीज आणखी एक पर्याय असतो : निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण, म्हणजे निवृत्तिवेतनाचा काही भाग सोडून देऊन त्याच्या बदल्यात एकरकमी पैसे घेणे. सैन्यदलांत निम्म्यापर्यंत निवृत्तिवेतनाचे असे अंशराशीकरण करता येते आणि सोडलेला भाग १५ वर्षांनी पूर्ववत मिळू लागतो. हेही एक प्रकारे ऋणच आहे, जे माणूस स्वतःच्याच उद्याकडून घेतो. पण त्याचा शेवट आधीच ठरलेला आहे, रेपो दराने तो सरकत नाही, आणि मुदत संपण्यापूर्वी सैनिकाचा मृत्यू झाल्यास पत्नीच्या कुटुंब निवृत्तिवेतनातून त्याची वसुली होत नाही. बँकेचे कर्ज मात्र मृत्यूनंतरही घरावर उभे राहते. म्हणूनच ज्या माजी सैनिकाला दुसऱ्या नोकरीची शाश्वती नाही, त्याने या रकमेतून घराचा मोठा वाटा उचलून बँकेचे कर्ज लहान व आखूड ठेवावे, आणि उरलेल्या कर्जाएवढा साधा मुदत विमा वेगळा उतरवावा, हे अधिक धर्म्य ठरते. कर्जाबरोबर गळ्यात घातलेल्या विम्याचा हप्ता पुष्कळदा मुद्दलातच मिळवला जातो आणि त्यावरही व्याज चढते. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्या संस्थेने मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे आवश्यक आहे, ज्यात शुल्के धरून पडणारा वार्षिक दर लिहिलेला असतो. असे छुपे ओझे शोधायचे ते तेथे.

फेड पूर्ण होण्याच्या क्षणाला याज्ञवल्क्य स्मृतीने स्वतंत्र महत्त्व दिले आहे. ऋणकोने जे जे दिले ते ऋणपत्राच्या पाठीवर लिहावे किंवा धनकोने आपल्या हातची पावती द्यावी, आणि ऋण फिटल्यावर ते पत्र फाडावे अथवा ‘शुद्धी’साठी दुसरे पत्र करून घ्यावे, असे तेथे सांगितले आहे. देहूच्या तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली असे परंपरा सांगते, ती धनकोने आपण होऊन केलेली शुद्धी होती. १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ दस्तऐवज परत करणे आणि नोंदलेला बोजा उतरवणे कर्ज देणाऱ्या संस्थेवर बंधनकारक आहे, आणि तिच्या दोषामुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. तरीही शेवटचा हप्ता भरून निश्चिंत झालेल्या कित्येक घरांच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचे नाव वर्षानुवर्षे तसेच राहते, आणि वाटणीच्या वेळी तलाठ्याकडे गेलेल्या मुलांना वडिलांनी कधीच फेडलेला बोजा तेथे लिहिलेला आढळतो.