भूक गेली, गोडी राहिली

आमच्या दारव्ह्याकडे महाप्रसाद म्हटला की गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण. धामणगाव देवच्या मुंगसाजी माउलींवर घराची श्रद्धा. पानात अन्न टाकायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. पण वजन कमी करण्याच्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत माझं सुमारे तीन चतुर्थांश जठर काढलं. आता चतकोर रोडगाही उतरत नाही. एक घास जास्त झाला की छातीत मधोमध दाटून येतं, तोंडात लाळ जमते, पंगतीतून उठावं लागतं. म्हणून वाढणाऱ्याला मी आधीच हात जोडते, "भाऊ, नखभर तुकडा द्या." तेवढ्यात प्रसाद पावतो, असं मी मनापासून मानते.

एकादशी मात्र सोडली. दिवसभर घोट घोट पाणी आणि निदान 60 ग्रॅम प्रथिनं पोटात गेलीच पाहिजेत. साबुदाण्यात ती नावालाच. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला.

मला छळणारा प्रश्न वेगळाच. भुकेची सूचना देणारं घ्रेलिन मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं. म्हणजे भूक सर्जननं कमी केली. मग हा संयम माझा कसा? गीतेचा दुसरा अध्याय सांगतो की निराहार राहणाऱ्याचे विषय सुटतात, गोडी मात्र मागे उरते. अगदी खरं आहे. पोट भरलेलं असतं, तरी बाजारात गरम जिलेबीचा वास आला की जीव तिकडे ओढ घेतो. ती ओढ कुठल्याही सर्जनच्या हाताला लागत नाही. माझी साधना आता तिथूनच सुरू होते. जठर शाबूत असतानाही ती तिथूनच सुरू व्हायची होती.