सापडलेली वस्तू कोणी दिली?



विंचूरला लासलगाव बाजार समितीचे उपबाजार आवार आहे. कांद्याच्या लिलावाच्या दिवशी तिथे ट्रॅक्टरांची रांग लागते, आणि त्या गर्दीत कोणाची पैशांची पिशवी पडते, कोणाचा मोबाईल पडतो. ज्याला सापडते त्याच्या तोंडी पहिले वाक्य येते, "मी काही चोरी केली नाही, मला सापडलं." घरी गेल्यावर म्हातारी माणसे म्हणतात, "आलेली लक्ष्मी परत धाडू नये." या दोन्ही वाक्यांचा आपण बौद्ध म्हणून विचार केला पाहिजे.

पहिले वाक्य घ्या. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत चोरी न करण्याची प्रतिज्ञा आहेच. पण पंचशीलातले दुसरे शील आपण पालीत म्हणतो, त्यातला शब्द चोरीहून रुंद आहे. तो शब्द 'अदिन्नादान'. दिन्न म्हणजे दिलेले, आदान म्हणजे घेणे. जे दिलेले नाही ते घेणे. चोरी म्हटली की कुलूप फोडणे, खिसा कापणे डोळ्यांपुढे येते. या शब्दात तसले काही नाही. तो एवढेच विचारतो की, ही वस्तू तुला कोणी दिली?

दुसरे वाक्य याच प्रश्नापुढे टिकत नाही. लक्ष्मीने दिली, देवाने दिली, असे म्हणण्याची सोय आपण धर्मांतराबरोबर सोडली. मग देणारा कोण उरला? ज्याच्या हातून पडली तो माणूस. त्याने तर ती दिलेली नाही, तो बाजारभर शोधत फिरतो आहे. देव्हाऱ्यातून मूर्ती काढणे त्या मानाने सोपे असते. चूल पेटायची पंचाईत असताना सापडलेल्या नोटेतून देव काढणे फार अवघड.

आपण विचाराल, मग काढणी झालेल्या शेतातला सरवा वेचायचा नाही का? वेचावा. सरवा हरवलेला नसतो, मालकाने तो सोडलेला असतो. भिक्खू उकिरड्यावर टाकलेल्या चिंध्या वेचून चीवर शिवत, त्याला पांसुकूल म्हणत, आणि त्यात अदिन्नादान मानले जात नसे. टाकलेले आणि हरवलेले यांत हा फरक आहे. ट्रॉलीतून चार कांदे रस्त्यावर घरंगळले तर हाक मारून पाहा. ड्रायव्हर हात हलवून पुढे जाईल. गोणी पडली तर तो थांबून मागे येईल. ज्याच्यासाठी मालक मागे येईल ते आपले नव्हे.

आता खरी अडचण सांगतो. आपल्या वस्तीतल्या माणसाला परत करायची भीती वाटते. "द्यायला गेलो आणि त्यानेच उलट म्हटले की यात जास्त होते, तर?" ही भीती आजची नाही. विनयपिटकात एक गोष्ट आहे. श्रावस्तीजवळ अचिरवती नदीवर एक ब्राह्मण स्नानाला आला आणि पाचशे नाण्यांची थैली काठावर विसरून गेला. ती नाहीशी होऊ नये म्हणून तिथे आलेल्या एका भिक्खूने उचलली. ब्राह्मण धावत परत आला, भिक्खूने थैली त्याच्या हाती दिली. आता याला बक्षीस द्यावे लागेल, ते कसे चुकवावे, असा विचार करून ब्राह्मण म्हणाला, "माझी पाचशे नव्हती, हजार होती." आणि त्याने भिक्खूला अडवून धरले.

यावर तथागतांनी भिक्खूंना मौल्यवान वस्तू उचलण्यास मनाई केली. पुढे विशाखा आपले दागिने विहारात विसरून गेली, तेव्हा नियम बदलला. विहारात किंवा मुक्कामाच्या घरात कोणाचे काही सापडले तर ते उचलावे आणि ज्याचे असेल तो नेईल म्हणून जपून ठेवावे, असे ठरले. बुद्धांनी आळ येण्याचा धोका खोटा मानला नाही, हे मला या गोष्टीत फार मोलाचे वाटते.

आपण भिक्खू नाही, गृहस्थ आहोत. पण एकट्याने उचलून एकट्याने नेऊन देऊ नये. दोन माणसे बोलवावीत, त्यांच्यासमोर मोजावे, कागदावर लिहून सह्या घ्याव्यात. आकडा गावभर सांगू नये. मागायला येईल त्यालाच खुणा विचाराव्यात. मग बाजार समितीचे कार्यालय, पोलीस पाटील किंवा पोलीस ठाणे. पोच घ्यावी.

कायदाही फार वेगळे सांगत नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे वस्तू सापडणाऱ्याने ती ताब्यात घेतली तर तो तिचा राखणदार ठरतो. मालक शोधण्याचा वाजवी प्रयत्न न करता ती स्वतःची केली तर तो गुन्हा आहे. पूर्वी दंड संहितेचे ४०३ कलम होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ३१४. जाहीर केलेले बक्षीस मात्र हक्काने मागता येते. जाहीर नसेल तर मागू नये, आणि मालकाने आपणहून दिले तर संकोच करू नये. ते दिन्न आहे.

काही तरुण मला विचारतात, "सर, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आमचे घेतले ते कुठे परत केले? मग त्यांचे पाकीट आम्ही का परत करावे?" हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. गावचा वसूल तालुक्याच्या खजिन्यात पोचवण्याचे काम महाराकडे असे. ज्याचा विटाळ मानला त्याच्या भरवशावर सरकारी पैसा, आणि मोबदल्यात दारोदारची भाकरी! पण बाबासाहेबांनी यावर कोणता मार्ग दाखवला? मार्च १९२७ मध्ये महाडला त्यांनी उष्टे तुकडे आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले, आणि त्याच वेळी तळ्याचे पाणी दिवसाढवळ्या, सर्वांसमक्ष घेतले. तळ्यावरचा हक्क उघड होता. सापडलेले पाकीट लपवावे लागते. शिवाय ते कोणाचे आहे हे तरी कुठे ठाऊक असते? कांदा विकून आलेल्या एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याचे असेल, किंवा हमाली करणाऱ्या आपल्याच भावाचे.

राहिला रस्त्यात सापडलेल्या एका रुपयाचा प्रश्न. मालक ठाऊक नसताना तो उचलणे गुन्हा नाही, असे उदाहरण जुन्या दंड संहितेतच दिले होते. शाळेतली लहान मुले असा रुपया मुठीत धरून टेबलापाशी येतात आणि "सर, हा कोणाचा?" म्हणून विचारतात. मी तो वर्गाच्या डब्यात टाकतो. डब्यात पेन्सिली, बटणे, एक पैंजण असे काय काय साठले आहे. आपल्या घरी अशा वस्तूचे काय करता, ते मुलांना विचारून जरूर कळवा.