भूमीचे मोल आणि खरेदीदाराचा धर्म

रायपूरच्या तेलीबांधा भागातून पूर्वी धमतरीकडे जाणारी छोटी रेल्वे धावत असे. त्या वाटेवर आज द्रुतगती मार्ग आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य स्थापन झाले, रायपूर राजधानी ठरली, आणि सभोवतालच्या शेतजमिनीकडे पाहण्याची लोकांची दृष्टीच पालटली. अशा स्थळी वसाहतयोग्य भूमी घेऊ इच्छिणाऱ्या सज्जन गृहस्थापुढे प्रश्न उभा राहतो, तो असा : भूमीचे खरे मोल आपणांस ठाऊक असता विक्रेत्यास कमी किंमत सांगणे धर्म्य होय काय?

व्यवहारकुशल मनुष्य या प्रश्नास हसेल. सौदा म्हटला की घासाघीस आलीच. पहिला आकडा शेवटचा नव्हे, हे उभय पक्ष जाणतात. मग त्यात वंचना कोठली? हे म्हणणे मान्य केले पाहिजे. गीतेच्या अठराव्या अध्यायात वाणिज्य हे स्वभावज कर्म म्हणून सांगितले आहे. लाभ हेच पाप असते तर त्यास तेथे स्थान मिळते ना. शिवाय शेतजमिनीचे डायव्हर्शन करून घेणे, सखल भागात भराव घालणे, हद्दीचा तंटा मिटविणे, या सर्वांस द्रव्य लागते. ते वजा जाता किंमत उतरली, तर तीत अधर्म नाही.

परंतु दुसरीही एक वजाबाकी आहे. विक्रेत्याच्या घरी आजारपण आहे, त्यास पैसा आठ दिवसांत हवा आहे, हे हेरून जी किंमत पाडली जाते, ती भूमीतील उणिवेची नव्हे, मनुष्याच्या अगतिकतेची असते.

कायदा येथे थोडी वाट दाखवितो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे केवळ मोबदला अपुरा म्हणून करार रद्द होत नाही. तथापि संमती मोकळेपणाने दिली होती की नाही, हे ठरविताना तो अपुरेपणा विचारात घेता येतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम आणखी पुढे जाते : विक्रेत्याच्या हक्काविषयी, भूमीचे मोल पुष्कळ वाढविणारी एखादी गोष्ट खरेदीदारास ठाऊक असून विक्रेत्यास ठाऊक नसेल, तर ती त्यास सांगितली पाहिजे. मात्र हे बंधन हक्कापुरतेच. उद्या तेथून रस्ता जाणार आहे, हे सांगण्याचे बंधन त्या कलमात नाही.

प्राचीन रोममधील विधिज्ञ स्कायव्होला याची कथा सिसेरोने नोंदविली आहे. त्याने शेताची एकच निश्चित किंमत विचारली. ती ऐकून, आपल्या मते शेत अधिक मोलाचे आहे, असे म्हणत त्याने एक लक्ष नाणी वाढवून दिली. लोक म्हणत, हे सज्जनाचे कृत्य खरे, शहाण्याचे नव्हे. हा भेद सिसेरोस मान्य नव्हता. आपल्याकडे कौटिल्याने भूमीची विक्री शेजाऱ्यांसमक्ष, तीन वेळा किंमत पुकारून व्हावी, असे सांगितले. चढाओढीने वाढलेली रक्कम मात्र विक्रेत्यास नव्हे, राजकोशास! तथापि चार लोकांच्या कानांवर किंमत पडू देण्याची ती रीत मोठी मार्मिक आहे. तपाच्या गर्वाने फुगलेल्या जाजलीस धर्म शिकण्याकरिता वाराणसीच्या तुलाधार नामक दुकानदाराकडे जावे लागले, ही शांतिपर्वातील कथाही येथे आठवते.

मग त्या रस्त्याचे काय? आराखडा प्रसिद्ध झालेला असेल, तर तो विक्रेत्यास शिकविण्याचा भार खरेदीदारावर नाही. विचारल्यास मात्र खोटे सांगू नये. ती वार्ता एखाद्या कचेरीतून गुपचूप हाती आली असेल, तर तिच्या बळावर केलेली खरेदी चोरीहून वेगळी मानता येत नाही. आणि अडलेल्या शेतकऱ्याने पाच एकर पुढे केले, पण गरज एका एकराने भागत असेल, तर रास्त दराने तेवढाच एकर घ्यावा. उरलेली भूमी तो उद्या चढ्या भावाने विकील, कदाचित दुसऱ्याच कोणास विकील; तो त्याचा अधिकार आहे.