छंद आणि नाद

मराठीत 'छंद' या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. एक अर्थ मनाच्या ओढीचा, स्वेच्छेचा. 'स्वच्छंदी' हा शब्द त्यातूनच आला. दुसरा अर्थ काव्यशास्त्रातला: अक्षरांची संख्या ठरलेली, यतीचे स्थान ठरलेले, मोडतोड चालायची नाही. पहिल्या अर्थाला बंधन सोसत नाही, तर दुसऱ्या अर्थात बंधन काढले की काही उरतच नाही. 'नाद' या शब्दाचेही असेच आहे. देवळाच्या घंटेचा नाद कानाला गोड लागतो, आणि पत्त्यांचा नाद लागलेल्या माणसाचे घर बसते. छंद कोणत्या क्षणी नाद होतो, हा प्रश्न आज आपल्या बहुतेक घरांत जेवणाच्या ताटावरच उपस्थित होतो. कारण ताट वाढलेले असते आणि मुलगा मोबाइलवरचा डाव सोडून उठायला तयार नसतो.

या प्रश्नावर पालकांच्या सभांतून जे बोलले जाते, त्याचे दोन ठरलेले पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, वेळ फुकट जातो. दुसरा म्हणतो, असे नाही. व्हिडिओ गेममुळे एकाग्रता वाढते, हात आणि डोळा यांचा मेळ बसतो. शिडाच्या होडीतून मुलांना समुद्रावर नेले तर धैर्य आणि शिस्त अंगी बाणते. दोन्ही पक्षांचे एक गृहीत समान आहे, ते म्हणजे छंदाने आपला हिशेब चुकता केला पाहिजे. आमचे या गृहीताशीच पटत नाही. ज्या खेळाने गणिताचे गुण वाढावेत म्हणून मुलाला बसविले, तो खेळ राहत नाही. ती आणखी एक शिकवणी होते. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात खेळाची जी व्याख्या केली, तिचा मथितार्थ असा की ज्या अडचणींची काही गरज नाही, त्या आपण होऊन पत्करणे म्हणजे खेळ. बंदरात इंजिनाची बोट उभी असताना वाऱ्याच्या भरवशावर शीड उभारणे, हे त्याचे चांगले उदाहरण होईल.

येथे आपल्या किनाऱ्यावरचा वाचक हसेल, हे आम्ही जाणून आहोत. वसई, अर्नाळा, उत्तन येथे शीड ही कधी हौसेची वस्तू नव्हती. तांडेल समुद्रात जाई तो घर चालविण्यासाठी, आणि इंजिन आले तेव्हा शीड गुंडाळून ठेवताना बहुतेकांनी हळहळ व्यक्त केली नाही. दर्या खवळलेला असेल तर शहाणा तांडेल होडी लोटत नसे. त्याने कोणाशी पैज मारलेली नसे. पोटासाठी समुद्रावर जाणाऱ्याचे हे शहाणपण हौसेने जाणाऱ्याजवळ असतेच असे नाही, आणि ते नसले म्हणजे काय होते, याची एक खरी हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे.

१९६८ साली लंडनच्या 'संडे टाइम्स' या वृत्तपत्राने एक शर्यत जाहीर केली. एकट्याने, कोठेही न थांबता, कोणाचीही मदत न घेता शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची. प्रथम परतणाऱ्यास सोन्याचा मुलामा दिलेला पृथ्वीगोल, आणि सर्वांत कमी दिवसांत फेरी पूर्ण करणाऱ्यास ५,००० पौंड. निघण्याची मुदत १ जून ते ३१ ऑक्टोबर. नऊ जण निघाले, एकच परतला. त्याचे नाव रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची 'सुहेली' ही सुमारे ३२ फुटांची होडी आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली होती. ती संथ होती, जुन्या धाटणीची होती, तिचा रेडिओ वाटेत बंद पडला आणि कित्येक महिने तिची काहीच वार्ता नव्हती. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, ती फालमथ बंदरात शिरली.

दुसरा स्पर्धक बर्नार्ड म्वातेसिए हा फ्रेंच नाविक. हॉर्नचे भूशिर ओलांडल्यावर पैशाचे बक्षीस त्याच्या आवाक्यात आले होते. त्याने होडी परतीच्या वाटेवरून वळविली, केप टाउनजवळ एका जहाजावर गलोलीने चिठ्ठी फेकली, आणि समुद्रावर आपण सुखी आहोत, कदाचित आपला आत्मा वाचावा म्हणूनही पुढे जात आहोत, असे कळवून तो थेट ताहिती बेटापर्यंत गेला. या कृतीची फार स्तुती झाली आहे. आम्हांला ती पूर्णपणे करवत नाही. युरोपात त्याची पत्नी त्याची वाट पाहत होती. आत्मा वाचविण्याचे काम माणसाने घरच्यांना चिठ्ठीतून कळवावे, हे कोठेतरी खटकते.

परंतु आमचे मन रेंगाळते ते तिसऱ्यापाशी. डोनाल्ड क्रोहर्स्ट हा इंग्लंडमधला ३६ वर्षांचा गृहस्थ, चार मुलांचा बाप, सुट्टीच्या दिवशी होडी चालविणारा हौशी नाविक. नौकानयनाची इलेक्ट्रॉनिक उपकरणे करण्याचा त्याचा धंदा बुडत चालला होता. तो सावरावा म्हणून त्याने शर्यतीत उतरावयाचे ठरविले. होडीला पैसा पुरविणाऱ्याशी त्याने असा करार केला की, आपण फेरी अर्धवट सोडली तर होडी आपणच विकत घेऊ. तसे झाले असते तर तो देशोधडीला लागला असता. मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला, अपुऱ्या तयारीची होडी घेऊन तो टिनमथहून निघाला. थोड्याच दिवसांत होडीत पाणी येऊ लागले. दक्षिण महासागरात अशी होडी नेणे म्हणजे मरण, आणि परतणे म्हणजे दिवाळे, हे त्याला कळून चुकले. त्याने तिसरा मार्ग काढला. तो अटलांटिकमध्येच रेंगाळत राहिला आणि डिसेंबरपासून रेडिओवरून खोटी ठिकाणे कळवू लागला.

या खोटेपणाला किती श्रम पडतात, हे पाहण्यासारखे आहे. त्या काळी सूर्याची उंची मोजून आणि कोष्टके पाहून होडीचे स्थान काढावे लागे. खऱ्या मोजमापावरून स्थान काढणे हे सरावाचे काम होते. मनाने ठरविलेल्या स्थानावरून तेथे सूर्य किती उंच दिसला असता हे उलटे काढीत बसणे, हे त्याहून कठीण. क्रोहर्स्ट ते करीत होता. मार्च १९६९ मध्ये होडीच्या दुरुस्तीसाठी तो नियम मोडून गुपचूप अर्जेंटिनाच्या किनाऱ्यालाही लागला. आपला पहिला क्रमांक येऊ नये, मागून कोठेतरी परतावे, म्हणजे आपल्या नोंदवह्या कोणी बारकाईने तपासणार नाही, असा त्याचा अंदाज होता. पण त्याच्या खोट्या वेगाला खरे मानून पुढे असलेल्या नायजेल टेटलीने आपली खिळखिळी झालेली होडी दामटली, आणि मे महिन्यात अझोर्स बेटांजवळ ती फुटून बुडाली. टेटली वाचला. क्रोहर्स्टपुढे मात्र आता ५,००० पौंडांचे बक्षीस आणि त्यामागून येणारी तपासणी ही दोन्ही उभी राहिली. १ जुलैनंतर त्याच्या वहीत नोंद नाही. १० जुलैला एका टपालवाहू जहाजाला त्याची होडी सापडली. शीड वर होते, वह्या जागच्या जागी होत्या, माणूस नव्हता. नॉक्स-जॉन्स्टनने आपल्याला मिळालेले ५,००० पौंड त्याच्या पत्नीला व मुलांना देऊन टाकले.

क्रोहर्स्टला लबाड म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांला त्याचे दुखणे वेगळे वाटते. हरणे ही खेळातली नित्याची गोष्ट. पट आवरून ठेवला की हार तेथेच राहते, आणि म्हणूनच हरण्याचा सराव करावयास खेळासारखी जागा नाही. क्रोहर्स्टने घर, धंदा, अब्रू सारे पटावर मांडले आणि हरण्याची सोयच काढून टाकली. त्याच दिवशी त्याचा छंद संपला होता. होडी नंतर निघाली, इतकेच.

आता समुद्रावरून पडद्याकडे येऊ. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह या संगणकतज्ज्ञाने 'टेट्रिस' हा खेळ रचला. चार चौकोनांचे वेगवेगळ्या आकारांचे तुकडे वरून पडतात. ते असे बसवावयाचे की आडवी ओळ पुरी भरावी. ओळ भरली की ती नाहीशी होते. म्हणजे जे नीट जमले ते दिसेनासे होते, आणि जी फट राहिली ती मात्र डोळ्यांसमोर साचत जाते. घरकाम करणाऱ्या कोणत्याही माउलीला हा अनुभव नवा नाही! या खेळाला विजय नाही. तुकडे वेगाने पडू लागतात आणि शेवटी ढीग माथ्याला टेकतो. २१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतला १३ वर्षांचा एक मुलगा या खेळाची १९८९ सालची आवृत्ती खेळता खेळता १५७ व्या पातळीवर पोहोचला, आणि पुढचे झेपेनासे होऊन यंत्रच थिजले. माणसाच्या हातून असे घडल्याची ती पहिलीच नोंद. काही दिवसांपूर्वीच त्या मुलाचे वडील वारले होते. त्याने तो डाव त्यांना अर्पण केला. पडद्यापुढे बसलेल्या मुलाचा वेळ फुकटच जातो असे म्हणणाऱ्यांनी या घटनेपाशी क्षणभर थांबावे.

तथापि समुद्र आणि पडदा यांत एक भेद आहे, आणि तो पालकांच्या चिंतेच्या मुळाशी आहे. समुद्राला तुम्ही यावे असेही वाटत नाही, राहावे असेही नाही. पुष्कळसे आजचे खेळ मात्र तुम्ही उठू नये याच हेतूने रचलेले असतात. उद्या आलात तर बक्षीस, आज चुकलात तर नुकसान, पैसे मोजून उघडावयाची बंद पेटी आणि तिच्यात काय निघेल ते दैवावर. अशा काही पेट्यांना बेल्जियमने २०१८ साली जुगार ठरविले. आपल्याकडेही पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात खेळाच्या व्यसनाला जागा मिळाली असून ते १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तेथे किती तास खेळला यावर निदान होत नाही. खेळावर ताबा राहिला आहे का, जेवण-अभ्यास-माणसे त्याच्यामागे पडली आहेत का, नुकसान दिसत असूनही खेळ चालूच आहे का, हे पाहिले जाते. घड्याळ घेऊन मुलाच्या मागे उभ्या राहणाऱ्यांना यातून थोडा दिलासा मिळेल आणि थोडी अडचणही होईल.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या 'सुम्मा' ग्रंथात खेळाचा विचार केला आहे. तेथे ते प्रेषित योहानाविषयीची एक जुनी कथा देतात. योहान शिष्यांसह खेळत असलेला पाहून काही लोकांना ते विपरीत वाटले. योहानाने त्यांच्यापैकी एका धनुर्धाऱ्याला बाण सोडावयास सांगितले, पुन्हा पुन्हा सोडावयास लावले, आणि विचारले, असे सतत करता येईल का? तो म्हणाला, धनुष्य मोडेल. इतपत बहुतेकांना मान्य होते. पण संत थॉमस पुढे जाऊन म्हणतात की खेळाचा अतिरेक हा जसा दोष, तसा खेळाचा अभाव हाही दोष; जो स्वतः कधी हसत नाही आणि इतरांच्या हसण्यावर विरजण घालतो, तो इतरांना भार होतो. हे वाक्य आपल्याकडच्या काही कर्त्या पुरुषांना वाचून दाखवावे, असा मोह आम्हांला होतो.

मापाचा प्रश्न मात्र उरतोच. २००६ साली वयाच्या १५ व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने वारलेला आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपदी घोषित झालेला कार्लो अकुतिस प्लेस्टेशनवर खेळत असे, आणि त्यासाठी त्याने आठवड्याला एकच तास ठरवून घेतला होता. एका तासात १५७ वी पातळी गाठता येत नाही. कोणत्याही गोष्टीत प्रावीण्य हवे तर तास घालावेच लागतात. व्हायोलिन वाजविणाऱ्यालाही, बुद्धिबळ खेळणाऱ्यालाही. अमेरिकेतला तो मुलगा आणि कार्लो यांना एकाच मापाने मोजावे, असे आम्हांला वाटत नाही. फूटपट्टीपेक्षा एक वेगळी कसोटी आम्हांला अधिक भरवशाची वाटते: हाक आली तर डाव टाकून उठता येते का?

१९६८ च्या शर्यतीच्या स्मरणार्थ तिच्याच धाटणीची शर्यत २०१८ पासून पुन्हा भरू लागली. त्या वर्षी आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी 'सुहेली'च्याच नमुन्यावर गोव्यात बांधलेली 'थुरिया' घेऊन उतरले होते. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातील वादळात डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. ग्रेगर मकगकिन हा आयरिश स्पर्धक, स्वतःची डोलकाठी मोडलेली असताना, त्यांच्या दिशेने निघाला. शेवटी २४ तारखेला एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. पुढच्या शर्यतीत टॉमी पुन्हा उतरले आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये दुसरे आले. पहिली आली ती दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती हिंदी महासागरात असताना तापिओ लेहतिनेन या फिनिश स्पर्धकाची होडी बुडाल्याचा निरोप आला. तिने शर्यत बाजूला ठेवली, रात्रभर होडी हाकली, सकाळी रबरी तराफ्यावरच्या त्या माणसाला दोर फेकून वर घेतले. दोघांनी एक एक पेला रम घेतली. मग जवळ आलेल्या मालवाहू जहाजावर त्याला चढवून दिले, आणि तिने पुन्हा शीड वाऱ्यावर धरले.