एक वीत माती

कृष्णाकाठच्या एका गावात असरच्या नमाजनंतर एक वयोवृद्ध शेतकरी माझ्याजवळ येऊन बसले. नदीलगत त्यांचे पोयट्याचे रान आहे. वीटभट्टीचा मालक त्या रानाची वरची तीन फूट माती मागत होता आणि दाम रोख देणार होता. चाचांच्या डोक्यावर उसनवारीचे देणे, त्यात नातीचे लग्न ठरलेले. त्यांनी सरळच विचारले, "मौलाना, रान माझ्या बापजाद्यांचं, सातबारा माझ्या नावावर. यात चोरी नाही, व्याज नाही. मग माती विकली तर हलाल की हराम?"

मी त्यांच्याकडे आठ दिवसांची मुदत मागितली. वास्तविक, उत्तर तिथल्या तिथे देता आले असते. माल मालकीचा, किंमत ठरलेली, दोन्ही पक्ष राजी, सरकारी परवानगी काढलेली. अशा व्यवहाराला फिकहच्या चौकटीत अवैध म्हणणे कठीण आहे. तरीही मन मानेना. विकली जाणारी वस्तू नेमकी कोणती आहे, हे समजून घेतल्यावाचून तिच्या विक्रीबद्दल बोलू नये, असे वाटले.

पोयटा म्हणजे वाळू, गाळ आणि चिकणमाती यांचे समतोल मिश्रण. सह्याद्रीचा काळा पाषाण झिजत राहिला, पावसाने तो चूर्णरूपात नदीत आणला आणि पुरांनी तो काठावर थराथराने अंथरला. वाळूच्या कणांमुळे जमिनीत हवा खेळती राहते, तर चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण पाणी धरून ठेवतात. चांगल्या जमिनीचा साधारण निम्मा भागच घन असतो. उरलेला निम्मा म्हणजे पोकळी, आणि तिच्यात पाणी व हवा वस्तीला असतात. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. म्हणूनच पाणी तुंबलेल्या रानात ऊससुद्धा पिवळा पडतो.

चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे कॅल्शियम, पोटॅश, मॅग्नेशियम यांचे धनभारित कण तिला चिकटून राहतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर सहज वाहून जात नाहीत. मूळ आपल्याकडचे हायड्रोजनचे कण देते आणि त्यांच्या बदल्यात हे अन्न घेते. हा देवघेवीचा बाजार अहोरात्र चालू असतो, आणि त्यात माप मारणारा कोणी नसतो! कुजलेला पालापाचोळा आणि शेण यांपासून तयार झालेला ह्युमस हे काम आणखी वाढवतो. त्याचे प्रमाण फार थोडे. आपल्याकडच्या कित्येक रानांत तर सेंद्रिय कर्ब शेकडा अर्ध्याहूनही कमी भरतो. पण माती भुसभुशीत राहते ती त्याच्यामुळे, आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव जगतात तेही त्याच्यावरच. तूर-हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र पकडून पिकाला देतात, तेही याच वस्तीतले.

ही वस्ती प्रामुख्याने वरच्या थरात असते, म्हणजे स्थूलमानाने एक वीतभर खोलीत. कृष्णेचा पोयटा पुष्कळ ठिकाणी कितीतरी फूट खोल आहे, हे खरे. त्यामुळे वरची तीन फूट नेली तरी खाली तीच माती उरते, असे भट्टीवाले सांगतात. कण तेच असतात, पण त्या कणांतली वस्ती तीच नसते. खालचा थर घट्ट असतो आणि त्यात ह्युमस नावापुरताच. खताच्या गोणीतून नत्र-स्फुरद-पालाश परत आणता येते. ते धरून ठेवणारे घर मात्र गोणीत येत नाही. नव्या मातीचा एक इंच थर घडायला निसर्गाला शेकडो वर्षे लागतात.

सतराव्या शतकात व्हॅन हेल्मोंट नावाच्या संशोधकाने दोनशे पौंड कोरडी माती एका कुंडीत भरून तीत पाच पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले. माती पुन्हा वाळवून तोलली, तेव्हा ती दोनेक औंसच कमी भरली. झाड सगळे पाण्यातूनच घडले, असा त्याने निष्कर्ष काढला. तो चुकीचा होता; झाडाने हवेतून घेतलेला कर्ब त्याला ठाऊक नव्हता, आणि ते दोन औंस म्हणजेच मातीतली खनिजे होती. पण मला त्याच्या तराजूत वेगळेच काही दिसते. झाड मातीत उभे राहून तिच्याकडून किती थोडे घेते! पाने गाळून त्यातलेही बरेचसे परत करते. आणि आपण तीन फूट एकदम उचलायला निघालो आहोत.

आता धर्माच्या बाजूकडे येऊ. चांगली भूमी आपल्या पालनकर्त्याच्या आज्ञेने पीक देते आणि निकृष्ट भूमीतून कष्टानेच थोडेफार उगवते, असे पवित्र कुरआन सांगते (७:५८). सुधारलेल्या धरतीवर बिघाड माजवू नका, ही ताकीदही त्याच सूरहमध्ये आहे (७:५६). भाष्यकारांनी या बिघाडाचा अर्थ प्रामुख्याने अवज्ञा आणि जुलूम असा लावला आहे, आणि तो मला मान्य आहे. परंतु शब्द 'धरती' हा आहे, हेही विसरता येत नाही.

हजरत उमर (रजि.) यांना खैबर येथे उत्तम जमीन मिळाली. तिचे काय करावे, असे त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले. मूळ राखून ठेव आणि उत्पन्न दान कर, असा सल्ला त्यांना मिळाला. वक्फची सारी इमारत या हदीसवर उभी आहे. मूळ वेगळे आणि फळ वेगळे, हा भेद मला चाचांच्या प्रश्नाची किल्ली वाटला. शेतकरी ऊस विकतो तेव्हा फळ विकतो. वरचा थर विकतो तेव्हा मूळ विकतो. खासगी जमीन वक्फ नव्हे, तिचे मूळ विकण्याचा हक्क मालकाला आहे. पण आपण काय विकतो आहोत, हे त्याला कळलेले असावे. वक्फच्या शेतजमिनीची माती काढू देणाऱ्या मुतवल्लीबद्दल मात्र मी इतके सौम्य लिहू शकत नाही. तिथे मुळाला हात लावणे हीच खयानत.

हेच हजरत उमर (रजि.) पुढे खलीफा झाले आणि इराकची सुपीक भूमी मुसलमानांच्या ताब्यात आली. ती आम्हांत वाटून द्या, असा अनेक मान्यवर सहाबींचा आग्रह होता, आणि त्यांच्या बाजूला खैबरच्या वाटपाचा दाखलाही होता. उमर (रजि.) यांनी नकार दिला. सूरह हश्रमध्ये नंतर येणाऱ्यांचा उल्लेख आहे (५९:१०). सगळे आजच वाटले तर त्यांच्यासाठी काय उरेल, हा त्यांचा मुद्दा होता. जे अद्याप जन्मलेलेच नाहीत, ते त्या सल्लामसलतीत हिस्सेदार ठरले.

दुसऱ्याची वीतभर जमीन अन्यायाने बळकावणाऱ्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचा तौक घातला जाईल, ही हदीस बांधाच्या भांडणात आपण नेहमी ऐकवतो. ती चाचांना लागू होते, असे मी म्हणत नाही. त्यांनी कोणाचे बळकावलेले नाही. तरी 'वीत' हे माप वाचताना मी थबकलो. आपण ती वीत नेहमी आडवी मोजतो. उभी मोजली तर ती कोणाची निघेल?

आठव्या दिवशी मी चाचांना म्हणालो, "चाचा, हराम म्हणावे असा स्पष्ट आधार माझ्याजवळ नाही. पण दोन अडचणी आहेत. रान तीन फूट खाली गेले, तर शेजाऱ्याचा बांध ढासळेल आणि पावसाळ्यात पाणी तुमच्याकडे तुंबेल. दुसऱ्याला अपाय करू नये, ही शरीयतची स्पष्ट मर्यादा आहे. दुसरी अडचण तुमच्या नातवंडांची आहे."

चाचा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि नातीचं लग्न?"

इतकी पाने उलटूनही हा प्रश्न मी विचारातच घेतला नव्हता. गळ्यापर्यंत देणे आलेल्या माणसाला येणाऱ्या पिढ्यांची आठवण देणे फार सोपे असते. कर्जदारांचा हिस्सा जकातच्या आठ मदींमध्ये कुरआननेच नमूद केला आहे (९:६०). आपल्या जमातीने तो किती वेळा दिला? शिवाय मी ज्या भिंतीला टेकून त्यांना हे सांगत होतो, तिच्या विटा कोणाच्या तरी रानाची वरचीच माती होत्या. औष्णिक वीजकेंद्रांजवळच्या परिसरात विटांसाठी राख वापरण्याचे बंधन केंद्र सरकारने १९९९ सालीच घातले, आणि सुपीक माती वाचवणे हा त्यामागचा एक घोषित हेतू होता. मस्जिदीच्या वाढीव बांधकामासाठी राखेच्या विटा घ्याव्यात, असे मी सुचवले आहे. समितीने अजून उत्तर दिलेले नाही.

जमातीतून कर्जे हसना म्हणून काही रक्कम उभी राहिली, पण ती पुरेशी नव्हती. अखेर चाचांनी अर्ध्या एकराचीच माती दिली, तीही आपल्या अटींवर. बांधापासून भरपूर अंतर सोडायचे, दोन फुटांहून खाली जायचे नाही, आणि वरचा वीतभर थर आधी बाजूला रचून ठेवून काम संपल्यावर पुन्हा पसरायचा. भट्टीवाल्याने कुरकुर केली, भाव पाडून घेतला, पण मान्य केले. लग्न साधेपणाने झाले. त्या अर्ध्या एकरात यंदा चाचांनी ताग पेरला आहे. फुलावर येताच तो नांगरून मातीतच गाडायचा, असे ते मला परवा जुम्यानंतर सांगत होते.