बिनविरोध, पण कोणाच्या संमतीने?

जून महिना आला की छत्र्या आणि नव्या वह्यांसोबत आणखी एक गोष्ट शाळेत येते, ती म्हणजे पालकांची सभा. आमच्या धर्मग्रामाच्या शाळेत ही सभा वर्षानुवर्षे ठरलेल्या पद्धतीने होत आली. कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता पालक जमतात, अहवाल वाचला जातो. मग समितीसाठी कोणीतरी चार-पाच नावे सुचवतो, कोणीतरी अनुमोदन देतो, टाळ्या वाजतात आणि चहा येतो. इतिवृत्तात नोंद होते, ‘समितीची निवड बिनविरोध झाली.’ त्या नोंदीखाली आम्हीही समाधानाने सही करत आलो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सभेनंतर एक माता शाळेच्या फाटकापाशी आमची वाट पाहत थांबली होती. पहाटेच्या लोकलने भाजी घेऊन मुंबईला जाणारी ही बाई. ती म्हणाली, ‘‘फादर, समिती सगळ्यांनी निवडली म्हणता. मला तर कोणी विचारलंच नाही.’’ तिच्या बोलण्यात राग नव्हता आणि आमच्याकडे उत्तर नव्हते. सभेची सूचना तिच्या मुलीच्या वहीत गेली होती, हे खरे. पण अकरा वाजता ती बाजारात टोपलीपाशी बसलेली असते, हे आम्हाला ठाऊक होते. ठाऊक असूनही आम्ही वेळ बदलली नव्हती.

विरोध नसणे आणि संमती असणे या एकच गोष्टी आहेत काय? आपल्याकडे ‘बिनविरोध’ हा शब्द मानाचा आहे. भांडणे टळतात, खर्च वाचतो, शेजारधर्म टिकतो. हे सारे चांगलेच आहे. परंतु या शब्दाच्या आड काय काय लपू शकते, हेही आपण पाहिले आहे. २०२१ साली नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे उघड झाले, तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने तेथील ग्रामपंचायत निवडणूक रद्द केली. आमच्या शाळेत लिलाव झाला नाही. मात्र ज्यांना सवड आहे, ज्यांना सभेत बोलण्याची सवय आहे, त्यांनीच एकमेकांची नावे सुचवली. बाकीच्यांचे मौन आम्ही होकार म्हणून लिहून घेतले.

कोणी म्हणेल, अडाणी पालकांना शिक्षणातले काय कळते? ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथात या आक्षेपाचा विचार केला आहे. घर कसे आहे हे बांधणाऱ्यापेक्षा त्यात राहणाऱ्याला अधिक कळते आणि जेवण कसे झाले हे आचाऱ्यापेक्षा पाहुणा चांगले सांगतो, असे तो म्हणतो. अभ्यासक्रम शिक्षकांनीच ठरवावा. पण शौचालयाला कडी नाही, सहलीची वर्गणी परवडत नाही, मूल शाळेत जायला घाबरते, हे त्या भाजीवालीइतके कोणाला कळणार?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने हे ओळखले. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असावेत, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, दुर्बल आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाव्यात, असे तो सांगतो. २०१२ च्या दुरुस्तीने अल्पसंख्याकांच्या शाळांत या समितीचे काम सल्ला देण्यापुरते ठेवले. २०१४ साली तर सर्वोच्च न्यायालयाने अशा शाळांना हा कायदा लागू होत नाही, असा निर्णय दिला. आपल्या संस्थांच्या स्वातंत्र्याला त्यातून बळ मिळाले. पण स्वातंत्र्य कशासाठी? जे सरकार इतर शाळांकडून सक्तीने करून घेते, ते न करण्यासाठी? आपल्या ख्रिस्तसभेचा १९८३ चा कायदाही सांगतो की शिक्षकांनी पालकांचे म्हणणे आनंदाने ऐकावे आणि पालकांच्या संघटना किंवा सभा स्थापन करून त्यांचा मान राखावा. जिथे कायद्याची सक्ती संपते, तिथे सदसद्‌विवेकाचे काम सुरू होते.

निवडणूक घेतली तर गट पडतील, शाळेचा आखाडा होईल, ही भीती अगदीच पोकळ नाही. अशा वेळी प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहावा, पुन्हा वाचावा. रोजच्या वाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीक भाषा बोलणाऱ्यांची कुरकुर होती. प्रेषितांनी त्यांना एकीच्या नावाखाली गप्प बसवले नाही. त्यांनी सगळ्या शिष्यांना बोलावले आणि सात जण निवडण्यास सांगितले. स्तेफन, फिलिप आणि इतर पाच, सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती वाटप सोपवले गेले, असे त्यावरून दिसते. कुरकुर ऐकून घेतल्याने ती मंडळी फुटली नाही, उलट वाढली.

म्हणून यंदा पालकसभा रविवारी सायंकाळी शाळेच्या सभागृहात भरेल. सूचना वहीत जाईलच, शिवाय वाडीवाडीत जाऊन ती तोंडी सांगितली जाईल, कारण आपल्या शाळेत सर्व धर्मांची मुले आहेत आणि प्रत्येक घरी वाचणारे कोणी असतेच असे नाही. समिती काय काम करते, हे आधी समजावले जाईल. मग प्रत्येक इयत्तेचे पालक गुप्त चिठ्ठीने आपला प्रतिनिधी निवडतील. लिहिता न येणाऱ्यांसाठी चिठ्ठीवर चिन्हे असतील. मोजणी सर्वांसमोर होईल. जे निवडून येणार नाहीत, त्यांनाही काम दिले जाईल.

आपणाकडे एकच मागणे आहे. सभेला येताना शेजारच्या एका पालकाला सोबत आणा, विशेषतः ज्याला वाटते की आपल्याला कोण विचारतो. कदाचित या वर्षी इतिवृत्तात ‘बिनविरोध’ हा शब्द नसेल. पण त्या मातेने पुन्हा फाटकापाशी तोच प्रश्न विचारला, तर या वेळी आम्हाला मान खाली घालावी लागू नये.