दहा मिनिटांचं काम

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचा महापूर ओसरला. विहिरीवरची मोटार चिखलातनं उपसून त्याच दिवशी मी कोल्हापुरात उद्यमनगरला रिवाइंडिंगला टाकली. रानात अजून गुडघाभर पाणी होतं. मोटार महिनाभर तरी लागणार नव्हती, तरी पळालो.

परवा घरातलं वॉशिंग मशीन, वरनं कपडे टाकायचं, बंद पडलं. आत पाणीच येईना. हिनं सांगितलं. मी म्हटलं, "बघू की." आठ दिवस ही दगडावर धुणं बडवत होती.

नवव्या दिवशी बसलो. प्लग काढला, नळ बंद केला, मागचा पाइप सोडला. पाणी आत शिरतं तिथं बारीक जाळी असते; ती बोअरच्या रेतीनं गच्च झालेली. पक्कडीनं अलगद ओढली, जुन्या ब्रशनं घासली, परत बसवली. पाणी धो धो आलं. फुटव्हॉल्व्हची जाळी मी जन्मभर साफ करतोय. हे त्याच्याहून सोपं.

ही म्हणाली, "एवढंच व्हतं व्हय?"

मला उत्तर सुचलं नाही. मोटारीची घाई नव्हती, मशीनची होती. पण मोटार बंद पडली की माझं काम अडतं. मशीन बंद पडलं की तिचं वाढतं. निकड कशाला म्हणायचं, ते मी एवढ्यावरच ठरवत आलो होतो.